एर्दोआन यांचा कवी कोणता?



तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन यांचे वैचारिक गुरू झिया ग्योकाल्प, हे आपल्या पत्रलेखकाचे मत पटले नाही. १९९७ साली सिर्तच्या सभेत ग्योकाल्प यांच्या नावावरच्या ओळी म्हटल्यामुळे एर्दोआन तुरुंगात गेले, हे खरे. पण एवढ्याने गुरुशिष्याचे नाते जडत नाही. ग्योकाल्प यांचा राष्ट्रवाद अतातुर्क यांच्या धर्मनिरपेक्ष प्रजासत्ताकाच्या पायात आहे. एर्दोआन यांच्यावर ठसा आहे तो नेजिप फाझिल कसाक्युरेक (१९०४-१९८३) यांचा. पॅरिसला शिकलेला हा कवी नक्शबंदी सूफी पंथाचे शेख अर्वासी यांच्या सहवासात पालटला आणि १९४३ पासून ‘ब्युयुक दोउ’ या नियतकालिकातून पाश्चात्त्यीकरणावर तुटून पडला. धर्मनिष्ठ पिढी घडवण्याची भाषा करताना २०१२ मध्ये एर्दोआन यांनी त्याचेच शब्द उद्धृत केले. या कवीने ज्यूद्वेषी लेखनही केले आहे. ते झाकून त्याच्या प्रभावाची चर्चा कशी होणार?

– एक वाचक, सातारा