विश्लेषण : कागदाचा दर्जा ठरवणारे ‘कापड’ दुर्लक्षित का?

सकाळचे वृत्तपत्र, मुलांची वही, औषधाचे वेष्टन, ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचे खोके. या सगळ्यांचा कागद तयार होतो एका विणलेल्या कापडावर. कागद गिरण्यांच्या खर्चाची चर्चा लाकूड, कोळसा आणि विजेभोवती फिरते. कापडाचा विषय मात्र अनेकदा खरेदी विभागाच्या ‘प्रति चौरस मीटर दर’ या रकान्यात संपतो. हा हिशेब अपुरा आहे आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागते.

कापडावर कागद कसा तयार होतो?

यंत्रावर येणाऱ्या लगद्यात ९९ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. हा पातळ लगदा अखंड फिरणाऱ्या जाळीदार कापडावर सोडला जातो. पाणी खाली निघून जाते, तंतू वर उरतात आणि त्यांचा ओला ताव बनतो. या टप्प्याच्या शेवटी तावात साधारण २० टक्के घन पदार्थ असतो. पुढे दाबाच्या रुळांमधून तो ४० ते ५० टक्क्यांपर्यंत जातो. उरलेले पाणी वाफेने तापवलेल्या सिलिंडरवर उडवावे लागते. वृत्तपत्राच्या कागदाची आधुनिक यंत्रे मिनिटाला १,८०० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर वेगानेही धावतात. त्यामुळे पाणी निथळणे आणि ताव जमणे हे सारे क्षणार्धात उरकावे लागते.

त्याला ‘वायर’ का म्हणतात?

फ्रान्समध्ये लुई-निकोला रोबेर यांनी १७९९ मध्ये अखंड कागद बनवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. इंग्लंडमध्ये फोर्ड्रिनिअर बंधूंच्या पैशावर आणि ब्रायन डॉन्किन यांच्या कारागिरीवर ते प्रत्यक्षात आले. तेव्हा जाळी धातूच्या तारांची असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कांस्य तारेची जागा पॉलिस्टर आणि नायलॉनच्या एकेरी धाग्यांनी घेतली. धातू गेला, ‘वायर’ हे नाव राहिले.

एक थर का पुरत नाही?

कारण या कापडाकडून परस्परविरोधी अपेक्षा आहेत. कागदाकडची बाजू बारीक हवी. तिथे धागे जाड असले तर तंतू छिद्रांतून निसटतात आणि कागदावर जाळीचा ठसा उमटतो. यंत्राकडची बाजू मात्र भक्कम हवी, कारण ती सतत रुळांवर आणि सिरॅमिक पट्ट्यांवर घासत असते. एकाच थरात बारीक धागा वापरला तर कापड लवकर झिजते, जाड वापरला तर कागद बिघडतो.

म्हणून वर बारीक साधी वीण आणि खाली जाड धाग्यांची लांब उड्यांची वीण, असे दोन स्वतंत्र थर एकाच मागावर विणले जातात. खालच्या बाण्यात पॉलिस्टर आणि नायलॉन आलटून पालटून घालतात. पॉलिस्टर आकार टिकवते, नायलॉन घर्षण सोसते. वरच्या थरात सेंटीमीटरला ३० उभे धागे धरले, तर ८ मीटर रुंदीत एकट्या त्या थराचेच २४,००० धागे होतात. त्यातला एक चुकला तरी त्याची रेघ कागदावर दिसू शकते.

थर एकमेकांना जोडतात कसे?

खरे कौशल्य इथेच आहे. सुरुवातीच्या तीन-थरी कापडांत जोडणीसाठी वेगळा बारीक धागा असे. तो वरच्या थराला जिथे खाली ओढी, तिथे खळगा पडे आणि कागदावर ठिपका उमटे. शिवाय थर एकमेकांवर घासून आतूनच झिजत. नंतरच्या रचनेत बाण्याच्या धाग्यांची जोडी हे काम करू लागली. एक धागा वर साधी वीण पूर्ण करतो तेव्हा दुसरा खाली जाऊन थर बांधतो, मग दोघे जागा बदलतात. जोडणारा धागाच कागदाला आधारही देतो.

भारतीय लगद्याचा प्रश्न काय?

उत्तरेकडील सूचिपर्णी लाकडाचा तंतू सुमारे ३ मिलिमीटर लांब असतो, निलगिरीचा जेमतेम १ मिलिमीटर. रद्दीच्या लगद्यात तुटलेले तंतू आणि बारीक कण जास्त असतात. उसाच्या चिपाडाच्या लगद्यातून पाणी हळू निथळते. कागदात भरलेली खनिज भुकटी कापड घासते, ते वेगळेच. भारतीय गिरण्यांचा मोठा आधार रद्दी, निलगिरी, सुबाभूळ आणि चिपाड यांवर आहे. लांब तंतूंसाठी आखलेली वीण इथे जशीच्या तशी चालेल, असे गृहीत धरणे चुकीचे ठरते. प्रत्येक गिरणीचा लगदा, वेग आणि कागदाचा प्रकार पाहूनच वीण ठरली पाहिजे.

स्वस्त कापड महाग कसे पडते?

प्रेसमधून निघणारा ताव एका टक्क्याने जास्त कोरडा असेल, तर वाळवणीची वाफ सुमारे ४ टक्क्यांनी वाचते, असा या उद्योगातला रूढ ठोकताळा आहे. पाणी निथळून काढणे स्वस्त, उकळून उडवणे महाग. कापडाने पाणी धरून ठेवले, ते ठरल्याआधी झिजले किंवा बदलण्यासाठी यंत्र अवेळी थांबले, तर दरात वाचलेले पैसे कोळशात आणि बंद तासांत जातात. त्यामुळे कापडाचा हिशेब चौरस मीटरवर नव्हे, तर त्यावर निघालेल्या टनामागे लागलेली वाफ, वाया गेलेले तंतू आणि बंद तास यांवर व्हायला हवा.

महाराष्ट्राचा संबंध काय?

केंद्राने २०२० मध्ये १,४८० कोटी रुपयांचे राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियान मंजूर केले. कागद यंत्राची कापडे याच क्षेत्रात मोडतात. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांवर ती विणता येणार नाहीत, कारण त्यासाठी अवाढव्य रुंदीचे, जड माग लागतात. पण ताण्याबाण्याचे गणित तेच आहे. राज्यातील वस्त्र अभ्यासक्रमांत या विणीच्या आखणीला जागा मिळाली, गिरण्यांनी आपल्या लगद्याची माहिती आणि झिजलेली कापडे अभ्यासाला दिली, तर इथल्या कच्च्या मालाला साजेशी वीण इथेच आखता येईल. अनुदानाने यंत्रे घेता येतात. वीण आखणारी माणसे मात्र घडवावीच लागतात.