विश्लेषण : झाकण उघडताच ‘फुस्स’… जुन्या गाडीच्या पेट्रोल टाकीत दाब का साठतो, दोष शोधायचा कुठे?

एप्रिल उजाडला की एक जुना संदेश मोबाइलवर नव्याने फिरू लागतो. ‘उन्हाळ्यात टाकी फुल करू नका, स्फोट होईल. अर्धीच भरा आणि दिवसातून एकदा झाकण उघडून गॅस सोडा.’ खाली इंडियन ऑइलचे नाव असते. हा संदेश आपला नाही, वाहन कंपनीने ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरणे कोणत्याही ऋतूत सुरक्षित आहे, असा खुलासा इंडियन ऑइलने एकाहून अधिक वेळा केला आहे. तरी संदेश थांबत नाही, कारण लोकांचा अनुभव खोटा नसतो. दहा-बारा वर्षे जुन्या गाडीचे झाकण भर दुपारी उघडले की जोराचा फुस्कारा येतो, कधी पेट्रोलचा शिडकावाही होतो. गेल्या काही काळात त्याला आणखी एक कारण चिकटले आहे : ‘ई२० पेट्रोलमुळे होते हे.’

उन्हाने वाफ वाढते हे खरे आणि इथेनॉलचा या प्रकरणात थोडा हात आहे हेही खरे. पण निरोगी गाडीत त्या वाफेला बाहेर जाण्याची वाट असते. फुस्कारा मोठा झाला, याचा अर्थ बहुतेक वेळा ती वाट तुंबली असा असतो. गॅरेजमध्ये मात्र या वाटेकडे सगळ्यात शेवटी पाहिले जाते आणि सरकारी तपासणीत तर पाहिलेच जात नाही.

बंद टाकीत होते काय?

पेट्रोलच्या वाफेचा दाब तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. साधारण २० अंश सेल्सिअसला तो ३० किलोपास्कलच्या आसपास असेल, तर ४० अंशांच्या जवळ तो दुप्पट होतो. पहाटे सावलीत असलेली गाडी दुपारी सोलापूर किंवा नागपूरच्या उन्हात उभी राहिली आणि टाकी संपूर्ण हवाबंद असली, तर आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने वाढेल. टायरच्या भाषेत सांगायचे तर चार-पाच पीएसआय. टायरसाठी हे काहीच नाही, पण पातळ पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या टाकीसाठी पुष्कळ आहे.

घाटातही हेच घडते, फक्त उलट्या बाजूने. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढताना बाहेरच्या हवेचा दाब साधारण १५ किलोपास्कलने कमी होतो. टाकीतली हवा तीच राहते, त्यामुळे तुलनेने आतला दाब वाढतो. वर पोहोचून झाकण उघडले आणि थोडे फुसफुसले, तर त्यात चिंता करण्यासारखे काही नाही. उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाडीतून दोन-तीन सेकंदांचा हलका आवाज येणेही स्वाभाविकच. पण फुस्कारा बराच वेळ चालतो, सकाळी गार गाडीतही येतो, सोबत पेट्रोल उडते किंवा पंपावरचा नोझल टाकी भरण्याआधीच पुन:पुन्हा कट होतो, अशी लक्षणे दिसली तर लक्ष द्यायला हवे.

वाफ जाते कुठे?

जुन्या काळी ती सरळ हवेत जात असे. झाकणाला बारीक भोक असायचे आणि टाकी त्यातून श्वास घ्यायची. शहरांवरच्या धुरक्यात या वाफेचाही वाटा असतो हे लक्षात आल्यावर कॅलिफोर्नियाने १९७०च्या मॉडेलपासून आणि अमेरिकेने पुढच्या वर्षीपासून ती अडवणे सक्तीचे केले. तोच उपाय पुढे जगभर पसरला. टाकीच्या वरच्या भागातून एक पाइप निघतो आणि कॅनिस्टर नावाच्या काळ्या डब्यात जातो. डब्यात सक्रिय कोळशाचे दाणे असतात. ते वाफ धरून ठेवतात आणि उरलेली हवा डब्याच्या दुसऱ्या तोंडातून बाहेर पडते. इंजिन गरम होऊन चालू लागले की ‘पर्ज व्हॉल्व्ह’ उघडतो. इंजिनाच्या ओढीने बाहेरची हवा कोळशातून जाते, अडकलेली वाफ सोबत घेते आणि ती सिलिंडरमध्ये जळते. म्हणजे कोळसा रोज भरतो, रोज रिकामा होतो. टाकी आणि कॅनिस्टर यांच्यामध्ये बऱ्याच गाड्यांत एक दुतर्फा झडपही असते. ती ठरावीक दाबाखाली बंद राहते, म्हणूनच थोडा फुस्कारा चांगल्या गाडीतही येतो.

ई२०चा वाटा किती?

इथे थोडे उलटे उत्तर आहे. शुद्ध इथेनॉलची वाफ पेट्रोलपेक्षा कमी होते, पण थोडे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले की मिश्रणाची वाफ वाढते, साधारण सात किलोपास्कलने. इथेनॉलचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, पेट्रोलमध्ये विखुरले की ती पकड सुटते. ही वाढ दहा टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे सर्वाधिक असते, त्यापुढे किंचित उतरते. भारताने दहा टक्के मिश्रणाचा टप्पा जून २०२२ मध्येच गाठला होता. त्यामुळे ई१० वरून ई२० वर आल्याने टाकीतला दाब एकदम वाढला, या म्हणण्याला रसायनशास्त्राचा आधार नाही.

रबराबाबत मात्र तक्रारीत तथ्य आहे. इथेनॉल जुने रबर फुगवते, कडक करते, टाकीच्या तळाशी बसलेला चिकट थर सोडवते आणि हवेतले पाणी ओढून घेते. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मधील स्पष्टीकरणात मान्य केले. ई२०शी जुळणारे साहित्य गाड्यांत वापरले जाऊ लागले ते एप्रिल २०२३च्या सुमारास. त्याआधीच्या गाडीत झाकणाची रबरी चकती, वाफेचे पाइप आणि झडपांच्या आतले पडदे जुन्याच पदार्थांचे असण्याची शक्यता मोठी. फुगलेला पडदा झडपेला चिकटला, तर वाट बंद होते. म्हणजे ई२०ला दोष द्यायचा असेल, तर तो झडप आणि पाइप यांच्या नावाने द्यावा.

वाट तुंबते कशाने?

आपल्याकडचे सगळ्यात सामान्य कारण पंपावरच घडते. नोझल आपोआप कट होतो. मग पोऱ्या विचारतो, ‘साहेब, राउंड फिगर करू?’ आणि आणखी शंभर-दीडशे रुपयांचे पेट्रोल थेंबाथेंबाने आत जाते. टाकीच्या वरच्या भागातली रिकामी जागा वाफेसाठी ठेवलेली असते. ती भरली की पेट्रोल द्रवरूपातच कॅनिस्टरच्या पाइपात शिरू शकते. कोळसा वाफ धरण्यासाठी असतो, पेट्रोलने भिजला की निकामी होतो. दाणे फुटून त्यांचा भुगा झाला तर तो पुढे पर्ज व्हॉल्व्हमध्येही जाऊन बसतो. म्हणजे ‘टाकी फुल करू नका’ या संदेशात कणभर तथ्य आहे, पण ते स्फोटाचे नाही. पहिल्या कटनंतर थांबा, एवढेच.

दुसरे कारण धूळ आणि चिखल. कॅनिस्टरचे हवेकडचे तोंड गाडीखाली असेल, तर दोन पावसाळ्यांत ते भरू शकते. कीटकही कमी नाहीत. २०११ मध्ये माझदाने उत्तर अमेरिकेतील सुमारे ६५ हजार ‘माझदा-६’ गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण एक पिवळा कोळी नेमक्या याच पाइपात जाळे विणत होता. २०१४ मध्ये त्याच कारणाने आणखी ४२ हजार गाड्या बोलवाव्या लागल्या. तिथे धोका दाबाचा नव्हे, उलट ओढीचा होता : इंजिन वाफ खेचत राहते, बाहेरची हवा आत येत नाही आणि टाकीला तडा जाऊ शकतो. वाट एकच, म्हणून बिघाड दोन्ही दिशांनी होतो.

तिसरे कारण चुकीचे झाकण. हरवलेल्या झाकणाच्या जागी बाजारातले ‘बसते ते’ झाकण लावले जाते. काही गाड्यांच्या झाकणातच दाब सोडणारी आणि हवा आत घेणारी झडप असते, काहींचे झाकण साधे असते. वरून दोन्ही सारखेच दिसतात. शेवटी थोड्या गाड्या अशाही असतात, की ज्यांत वाफ खरोखरच जास्त तयार होते : सायलेन्सरच्या पाइपावरचा उष्णतारोधक पत्रा गळून पडलेला असतो, किंवा जुन्या रचनेत इंजिनाजवळून तापून आलेले पेट्रोल परत टाकीत येते आणि टाकी जवळपास रिकामी असते. थोडे पेट्रोल लवकर तापते.

दोष शोधायचा कसा?

सुरुवात कानाने आणि नाकाने करावी. झाकण उघडताना हवा बाहेर येते की आत जाते, हे आधी पाहावे. आत जात असेल तर प्रश्न ओढीचा आहे : हवेकडचे तोंड तुंबले आहे किंवा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला आहे. बाहेर येत असेल तर वासाकडे लक्ष द्यावे. गाडीभोवती पेट्रोलचा वास येतो पण फुस्कारा मामुली आहे, तर वाट मोकळी आहे आणि कोळसा भरून गेला आहे, किंवा एखादा पाइप फाटला आहे. फुस्कारा जोराचा आहे आणि एरवी वास नाही, तर वाफ आत कोंडली आहे. एवढ्याने निम्मे काम होते.

पुढचे काम मेकॅनिकचे. उघड्या जागेत, इंजिन पूर्ण गार असताना, आसपास ठिणगी नसताना. दाब साठलेला असताना झाकण न उघडता, टाकीकडून येणारा पाइप कॅनिस्टरपाशी सोडवायचा. तिथून वाफ जोरात सुटली आणि नंतर झाकण उघडल्यावर आवाज आला नाही, तर टाकीपासून तिथवरची वाट ठीक आहे, अडथळा कॅनिस्टरमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे. तिथे काहीच आले नाही आणि झाकण उघडताच फुस्कारा आला, तर अडथळा पाइपात, दुतर्फा झडपेत किंवा टाकीवरच्या झडपेत आहे. कॅनिस्टर हातात घेऊन हलवला आणि तो पेट्रोलने जड लागला किंवा त्यातून काळा भुगा गळला, तर साफ करण्याच्या फंदात न पडता तो बदलावा. पर्ज व्हॉल्व्ह सर्वसाधारणपणे वीज नसताना बंद असतो, १२ व्होल्ट दिले की ‘टिक’ असा आवाज करून उघडतो. हे हातपंप लावून तपासावे, तोंडाने फुंकून नको.

हा क्रम पाळला नाही तर काय होते, हे अनेक गाडीमालकांच्या बिलांत दिसते : आधी पेट्रोल पंपाची मोटर, मग इंजेक्टर सफाई, मग सेन्सर. स्कॅनर लावला की सगळे कळेल, हाही भ्रमच. अमेरिकी गाड्यांत १९९६ पासून संगणक वाफेची गळती स्वत: तपासतो आणि कोड दाखवतो. आपल्याकडच्या अनेक जुन्या मॉडेलमध्ये टाकीचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो. स्कॅनर ‘नो फॉल्ट’ म्हणेल आणि टाकी फुसफुसतच राहील.

पीयूसीत हे का दिसत नाही?

कारण पीयूसीची नळी सायलेन्सरमध्ये जाते. पेट्रोल गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तिथे मोजले जातात. रात्रभर पार्किंगमध्ये उभ्या गाडीच्या फाटक्या पाइपातून निघणारे हायड्रोकार्बन कुणी मोजत नाही. नवीन मॉडेलला मान्यता देताना वाफेची चाचणी बंद खोलीत होते, पुढे मात्र गाडी कितीही जुनी झाली तरी पुन्हा नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करायचे, त्यासाठी वाढीव शुल्क घ्यायचे आणि रबर बदलायला लावणारे इंधन पंपावर द्यायचे, हे सगळे चालू असताना फिटनेस तपासणीत दोन पाइप आणि एक झाकण पाहायला काय हरकत आहे, हा प्रश्न परिवहन विभागाला विचारण्यासारखा आहे.

तोवर जुगाड चालतात. त्यातला सर्वांत वाईट म्हणजे झाकणाला ड्रिलने भोक पाडणे. फुस्कारा लगेच बंद होतो, म्हणून इलाज झाल्यासारखे वाटते. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते आणि हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास असले तरी पेट घेऊ शकते. सोसायटीच्या तळघरातल्या बंदिस्त पार्किंगमध्ये, शेजारच्या गाडीचा स्टार्टर फिरत असताना, अशी वाफ सोडत राहणारी टाकी नको. रोज झाकण उघडून ‘गॅस सोडण्याचा’ सल्लाही याच कारणाने टाळावा.

आणि पंपावर झाकण उघडतानाच पेट्रोल उडू लागले तर? झाकण पूर्ण काढू नये. तोंड बाजूला ठेवून ते पुन्हा आवळावे, पंपावरच्या माणसाला सांगून गाडी सावलीत ढकलावी आणि अर्ध्या तासाने, पाव-पाव फिरवत, थांबत-थांबत उघडावे. कपड्यांवर पेट्रोल पडले असेल तर लगेच गाडीत बसू नये.