बोलका बाहुला, मुका चित्रपट

लोकप्रिय विनोदी चित्रपटाकडे मराठी समीक्षेने पाठ फिरविली. तिची किंमत मात्र समीक्षेने नव्हे, चित्रपटाने मोजली. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला २’ (२०१३) हा या उपेक्षेचा ठळक पुरावा होय.

‘झपाटलेला’ (१९९३) स्वयंभू नव्हता. खुन्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो ही कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या हॉलिवूडपटातली. परंतु ती मराठी भूमीत रुजविताना एक मूलगामी बदल घडला. भयपटाचा ऐवज हास्याच्या हाती आला. हास्याचे मूळ अनौचित्यात असते आणि कोणत्याही रसाच्या आभासातून ते संभवू शकते, हे अभिनवगुप्ताचे प्रतिपादन येथे अक्षरशः लागू पडते. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या बाहुल्याला भितो. बाहुल्याला भिणे हे गावाच्या दृष्टीने अनुचित, म्हणजे वेडेपणाचे; प्रेक्षकाला मात्र ती भीती खरी आहे हे ठाऊक असते. हास्य उपजते ते या दोन ज्ञानांच्या संघर्षातून. रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि त्यामागचा दिलीप प्रभावळकरांचा आवाज परिणामकारक ठरतात, कारण समोर खरोखर घाबरलेला माणूस उभा असतो.

उत्तरार्धात नेमका हा संघर्षच उरत नाही. तात्या विंचू आता सर्वांच्या ओळखीचा, किंबहुना लाडका झाला आहे. त्याचा मंत्र प्रेक्षकच त्याच्या आधी म्हणतो. ज्याचे आगमन टाळ्यांनी साजरे होते, त्याचे भय कोणाला वाटणार? आणि भयच नसेल, तर भयाच्या अनौचित्यातून जन्मणारे हास्य कोठून येणार? उरते ती केवळ पुनर्भेट. पुनर्भेटीचा आनंद खोटा नसतो, पण तो विनोद नव्हे.

चित्रपटाच्या कैवाऱ्यांचे युक्तिवाद ठरलेले आहेत. बेर्डे हयात नव्हते, हा पहिला. २००४ मध्ये ते निवर्तले, हे खरेच. पण नटाची अनुपस्थिती ही वस्तुस्थिती आहे, संहितेच्या दौर्बल्याचे समर्थन नव्हे. नायकाला लक्ष्याचा मुलगा म्हणून उभे करायचे आणि त्याला स्वतःचा असा विनोद द्यायचा नाही, हा दोष नियतीचा कसा? दुसरा युक्तिवाद त्रिमिती तंत्राचा. त्या तंत्राने वस्तूंना खोली लाभते. पात्रांना ती लेखणीनेच द्यावी लागते.

करमणुकीला रसशास्त्राचे निकष कशाला, हा तिसरा युक्तिवाद सर्वांत घातक. कारण तो सहृदयतेचा आव आणून प्रेक्षकाचा अधिक्षेप करतो. १९९३ मध्ये हसलेला प्रेक्षक भाबडा नव्हता. रचनेतील विसंगती त्याने अचूक टिपली होती. ‘धूमधडाका’ (१९८५), ‘थरथराट’ (१९८९) या चित्रपटांना ‘धांगडधिंगा’ ठरवून बाजूस सारणाऱ्या अभिजनांनी त्यांच्या यशाची मीमांसा कधी केलीच नाही. परिणामी, यश नेमके कशाने लाभले हे निर्मात्यांनाही उमगले नाही. त्यांनी बाहुला जपला, मंत्र जपला, नावापुढे आकडा जोडला. ज्या नात्यामुळे बाहुला बोलत होता, ते मात्र निसटले.

विनोदी चित्रपटाची चिकित्सा हे समीक्षेचे दुय्यम काम नव्हे. ती होत नाही तोवर स्मरणरंजनालाच विनोद समजण्याची चूक होत राहील, आणि तिची जबाबदारी एकट्या दिग्दर्शकावर ढकलता येणार नाही.