निरोप कोणाच्या हाती?



शाळा आणि घर यांच्यात बोलणं घडवून आणणं हेही एक काम आहे. अमेरिकेत ते करणाऱ्यांची संघटना १९३५ पासून आहे, राज्याराज्यांत तिच्या शाखा आहेत. आपल्याकडे असं काम बायकांनी केलं, पण ते टिकू दिलं नाही.

१९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावोगावी महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमलं गेलं. घरदुरुस्तीची माहिती आणि लोकांच्या तक्रारी त्यांनी सरकार आणि घर यांच्यात पोचवल्या. कार्यक्रम संपला, नेमणूकही संपली.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असं सांगितलं. पण माकणीच्या परिसरात काम करताना मी पाहिलं ते असं : सभेचा निरोप वडिलांच्या फोनवर येतो, आईची सही मात्र सभेनंतर घरी येऊन नेतात.

पडझडीत ज्यांनी सरकारला बोलतं केलं, त्यांच्याच लेकीसुनांना शाळेचा निरोप नवऱ्याकडून का कळावा?

समितीवर असाल तर इतिवृत्त मागा. आपली सही कशाखाली आहे, ते आधी वाचून घ्या.