ठासणीच्या बंदुकीला काडतूस, आणि विसरलेला नियम ३

अमेरिकेत जुन्या घडणीचे, बारूद ठासून उडवायचे रिव्हॉल्व्हर घेतात, त्याचे चक्र बदलतात आणि त्यात आजचे काडतूस घालतात. (बारूद एवढ्यासाठी म्हणतो, की आपल्या दारूबंदीच्या वर्धा जिल्ह्यात ‘काळी दारू’ लिहिले तर वाचक भलतेच समजतील!) तिथल्या १९६८ च्या कायद्यानुसार असे ठासणीचे हत्यार बंदुकीच्या व्याख्येतच बसत नाही, म्हणून हा छंद तिथे खुलेआम चालतो. हे मोबाईलवर बघून आपल्याकडचा एखादा तरुण विचारतो, ‘वकीलसाहेब, आजोबाच्या काळची बंदूक घरात पडून आहे, तिला काडतुसाची करून घेतली तर?’ आणि लगेच दुसरे वाक्य येते, ‘गावात त्यांच्याकडे परवान्याच्या बंदुका आहेत, आपल्याकडे काय आहे?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या, कालबाह्य हत्याराला सूट आहे, पण दुरुस्त करूनही ते बंदूक म्हणून चालणार नसेल तरच. ते चालते झाले की सूट संपली. कलम १३ मध्ये पीक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. बोरच्या जंगलालगतच्या, रानडुकरांनी हैराण झालेल्या शेतकऱ्याने तो जरूर मागावा. मात्र तो परवाना ठासणीच्या बंदुकीचा असतो, काडतुसाच्या नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ६ मध्ये स्पष्टच लिहिले, की एका प्रवर्गातील बंदूक परवान्याशिवाय दुसऱ्या प्रवर्गात बदलणे हा गुन्हा आहे. शिक्षा किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप. तलवार-चाकूच्या ४/२५ च्या केसेसमध्ये पोरे जामिनावर सुटताना बघून कोणी आपली समजूत करून घेऊ नये. शिवाय जुने लोखंड आजच्या काडतुसाचा दाब सोसत नाही, ते फुटते उडवणाऱ्याच्याच हातात. जुना दारूगोळा कोणाच्या जिवावर उठतो हे आपल्या जिल्ह्याने पुलगावजवळ २० नोव्हेंबर २०१८ रोजी पाहिले. निकामी दारूगोळा नष्ट करण्याच्या त्या कामात सहा माणसे गेली, त्यात रोजीसाठी आलेले मजूर होते.

दुसरा प्रश्न मात्र झटकून टाकण्यासारखा नाही.

ठासणीची बंदूक काडतुसाची करण्याचा मोठा उद्योग इंग्रज सरकारने केला. १८६६ पासून त्यांनी आपल्या एनफिल्ड बंदुकांचा मागचा भाग कापून, तिथे झडप बसवून त्यांची ‘स्नायडर’ बंदूक केली. पण १८५७ च्या धसक्याने हिंदी शिपायाच्या हाती आतून गुळगुळीत नळीची, नेम न धरणारी बंदूक दिलेली होती. गोऱ्याला मार्टिनी-हेन्री मिळाली, तेव्हा हिंदी शिपायाला त्याची उतरलेली स्नायडर मिळाली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने जनतेला परवान्याच्या दारात उभे केले आणि गोऱ्यांना सूट दिली. आणि १८९२ च्या सुमारास ‘लढाऊ जाती’चे शास्त्र काढून महारांची लष्करभरतीच बंद केली. ज्यांनी १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव लढवले, त्यांच्या नातवंडांना सांगितले, की तुम्ही लढाऊ नाही! बंदूक सुधारत गेली. ती कोणाच्या हातात द्यायची हे मात्र जात आणि कातडी बघून ठरत राहिले.

आपल्या पूर्वजांनी यावर काय केले? चोरून हत्यारे केली नाहीत. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट विलायतेच्या भारतमंत्र्याकडे अर्ज धाडला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा महारांची पलटण उभी केली आणि १९२१ ला मोडली. शेवटी १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता.

हेच बाबासाहेब डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत काय म्हणाले, हेही तरुणांनी वाचावे. आपल्याच मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क मागितला होता. बाबासाहेबांनी तो मान्य केला नाही. ज्याला वाटेल त्याने बाजारात जाऊन शस्त्रे घेतली तर राज्य चालेल कसे, हा त्यांचा सवाल होता. हक्काऐवजी राज्याच्या रक्षणासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा आग्रह धरायला हवा होता, असे त्यांचे म्हणणे होते. खेड्यातल्या हत्याराच्या बाजारात आपला माणूस शेवटचा गिऱ्हाईक असेल, एवढे तर आपल्यालाही कळते.

मग संरक्षणाचे काय? ते अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांत लिहून ठेवले आहे. जिथे अत्याचार होण्याची किंवा पुन्हा घडण्याची भीती आहे, ते क्षेत्र शासनाने निश्चित करायचे. त्या क्षेत्रात गरज दिसल्यास अनुसूचित जाती-जमातीबाहेरील लोकांचे, त्यांच्या नातेवाइकांचे, नोकरांचे आणि कुटुंबाच्या मित्रांचेसुद्धा शस्त्र परवाने रद्द करून हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा हत्यारे जप्त करायची, ती बनवणे थांबवायचे. आणि आवश्यक वाटल्यास आपल्या लोकांना परवाने द्यायचे. हा नियम ३. आपल्या मोर्चांच्या निवेदनांत कलम ३ सतत असते, नियम ३ मात्र क्वचितच दिसतो.

माझे मत असे, की परवाने मागण्याआधी त्यांचे परवाने रद्द करण्याची मागणी करावी. आपल्या एका घरात बंदूक आल्याने वस्ती सुरक्षित होत नाही. धमकी देणाऱ्याच्या घरातली बंदूक शस्त्रागारात गेली तर होते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व संनियंत्रण समितीची बैठक नियम १७ प्रमाणे दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. तिथे आपले सदस्यही असतात. त्यांनी चहा घेऊन हजेरीपटावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी इतिवृत्तात नोंदवून घ्याव्यात: वर्धा जिल्ह्यातील कोणती गावे अशी क्षेत्रे म्हणून निश्चित केली, तिथे किती जणांकडे परवाने आहेत, आणि नियम ३ खाली आजवर किती रद्द केले. तोंडी उत्तर घेऊ नये. माहितीच्या अधिकारातला अर्ज दहा रुपयांत होतो, आणि तो तरुण आजोबाच्या बंदुकीचे काय करायचे विचारायला आला, तर त्याच्याकडूनच तो लिहून घ्यावा.