वाचकांची मोजणी आणि वाचकाची ओळख

१८३२ साली ‘दर्पण’ने इंग्रजी व मराठी मजकूर शेजारी शेजारी छापला, तेव्हा आपला वाचक एकजिनसी नाही याचे भान बाळशास्त्री जांभेकरांना होते. १९२० च्या ‘मूकनायक’ने तर आपण कोणाचे, हे नावातूनच सांगितले. आजच्या वृत्तसंकेतस्थळांना कोणती बातमी किती जणांनी उघडली, किती वेळ वाचली, हे क्षणोक्षणी कळते. तरीही वाचक त्यांना कळला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. मानवतच्या बाजारपेठेतील कापसाचा भावच घ्या. तो शेतकरी वाचतो, जिनिंगचा मालक वाचतो, आणि शेत गावी ठेवून पुण्यात नोकरी करणारा मुलगाही वाचतो. मोजणीत तिघे सारखेच. शेतकऱ्याला मात्र भावाबरोबर ओलाव्यापोटी होणारी कपात आणि उद्याचा लिलाव, हेही हवे असते. आणि ते विचारणारे संख्येने थोडे म्हणून नेमके तेच गाळले जाण्याचा संभव अधिक. जाहिरातव्यवसायातून आलेला ‘लक्ष्यगट’ हा शब्द म्हणूनच खटकतो. लक्ष्याचा वेध घेतात, त्याच्याशी कोणी बोलत नाही! आमच्या विभागांतून वृत्तपत्रांच्या इतिहासावर प्रबंध झाले. आता एखाद्या विद्यार्थ्याने मानवतच्या मोंढ्यात बसून कोण कोणती बातमी कशासाठी वाचतो, हे विचारून नोंदवावे.