सीए-१२५ चा आकडा आणि आपलं पोट



महावीर जयंतीच्या सुमारास आपली महिला मंडळं आरोग्य शिबिरं घेतात. रक्ततपासणीच्या पॅकेजमध्ये हल्ली ‘सीए-१२५’ हे नावही असतं. ‘अंडाशयाचा कॅन्सर लवकर कळतो’ म्हणून बायका ती करून घेतात. माझं मत स्पष्ट आहे. काहीच त्रास नसलेल्या बाईने ही तपासणी करू नये आणि मंडळांनी ती शिबिरात ठेवू नये.

सीए-१२५ हे रक्तातलं एक प्रथिन. साधारण ३५ पर्यंतचा आकडा ठीक मानतात. पण पाळी चालू असताना, गर्भारपणात, फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस, यकृताचा आजार किंवा पोटाचा टीबी असला तरी तो वाढतो. मग घरभर रडारड, स्कॅन, कधी नको ते ऑपरेशनही. उलट कॅन्सर पहिल्या टप्प्यात असताना जवळपास निम्म्या बायकांचा आकडा नॉर्मलच येतो. म्हणजे नॉर्मल रिपोर्टवर निर्धास्त होणंही चुकीचंच.

ब्रिटनमध्ये पाळी थांबलेल्या दोन लाखांहून जास्त बायकांवर याचा अभ्यास झाला. काहींची दरवर्षी सीए-१२५ तपासणी, काहींची सोनोग्राफी, बाकीच्यांची काहीच नाही. २०२१ मध्ये निकाल आला : तपासण्या करूनही या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत.

मग ही तपासणी निरुपयोगी का? मुळीच नाही. जिला हा आजार झालाय, तिच्या केमोचा गुण येतोय का, हे उतरत्या आकड्यावरून डॉक्टरांना समजतं. अशा वेळी शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासावं, म्हणजे आकड्यांची तुलना नीट होते.

पण आपल्यासाठी खरी गोष्ट वेगळीच आहे. पोट फुगणं, चार घास खाल्ले की पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला लागणं, ही या आजाराची लक्षणं. आपल्या घरात ती उपवासाच्या नावाखाली सहज झाकली जातात. ‘दशलक्षणाचे उपवास झाले, पारण्यानंतर पोट बिघडलं, होईल ठीक.’ चार दिवसांत ठीक झालं तर उत्तमच. पण दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज हा त्रास होत असेल, आणि विशेषतः पाळी थांबलेली असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायलाच हवं. त्या तपासून, सोनोग्राफीबरोबर सीए-१२५ सांगतील, तेव्हा त्या आकड्याला अर्थ असेल. आईला, बहिणीला, मावशी किंवा आत्याला अंडाशयाचा वा स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर तेही न लपवता सांगा.

तप आपण समजून-उमजून करतो. आजार अंगावर काढणं हे तप नव्हे. यंदाच्या शिबिरात त्या तपासणीऐवजी एका स्त्रीरोगतज्ज्ञांना तासभर बोलवा, आणि सासूबाईंनाही सोबत घेऊन या.